कागद कोणत्या लिपीत?

भारताच्या जनगणनेत सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते तिला साक्षर धरले जाते. या व्याख्येतील ‘कोणत्याही एका भाषेत’ हे शब्द देशाच्या बऱ्याच भागांत नजरेत भरत नाहीत, कारण तेथे घरातली, शाळेतली आणि तहसील कचेरीच्या कागदावरची भाषा बहुधा एकच असते. बेळगाव-खानापूरचा पट्टा आणि कागलला खेटून असलेला निपाणीचा परिसर येथे मात्र हेच शब्द कळीचे ठरतात. येथील मराठी घरातील स्त्री देवनागरी वाचू लागली की गणनेपुरती साक्षर होते, आणि त्याच दिवशी शेताचा उतारा हाती पडला की तो कुणाकडून तरी वाचून घेण्याची पाळी तिच्यावर येते, कारण उतारा कन्नडमध्ये असतो. 2011च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता 82.20 टक्के आणि स्त्रियांची 64.58 टक्के होती. पण साक्षर गणलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना रोज हाताळावे लागणारे कागद वाचता येतात, हे या टक्केवारीतून कळण्याची सोय नाही, आणि प्रौढशिक्षणाच्या योजनांनी तो प्रश्न क्वचितच विचारला आहे.

प्रौढ साक्षरता म्हणजे पंधरा वर्षांवरील, शाळा हुकलेल्या माणसाला अक्षर-अंकांची ओळख करून देणे, आणि निरंतर शिक्षण म्हणजे ती ओळख विसरली जाऊ नये म्हणून पुढे मिळत राहणारे वाचन, माहिती आणि कौशल्य. सरकारी परिभाषेत ही एकामागून एक येणारी दोन पावले आहेत. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमाभागात ती तशा क्रमाने पडली नाहीत. दुसरे पाऊल लोकांनी स्वतःहून, पुष्कळ उत्साहाने टाकले आणि पहिले अर्धेच राहिले.

दूधगंगेच्या दोन तीरांवर

राज्यांची सीमा 1956 साली आली असली तरी या टापूत दोन राजवटींचे शेजारीपण त्याआधीपासूनचे आहे. दूधगंगेपलीकडचे कागल कोल्हापूर संस्थानच्या छायेत होते, तर निपाणी ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात होती. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमण्यास सुरुवात केली. या दोन निर्णयांचा परस्परसंबंध पुरेसा लक्षात घेतला जात नाही. गावचे दप्तर ज्याच्या हाती त्याच्याकडे गावाची मान, ही व्यवस्था मोडायची तर दप्तर वाचणारी माणसे गावातच तयार व्हावी लागतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, त्यामागचा विचारही असाच होता. निपाणीत एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्या परिषदेची शताब्दी नुकतीच होऊन गेली.

आज सीमा कशी वळणे घेते हे पाहायचे असेल तर देवचंद महाविद्यालयाकडे बोट दाखवावे लागेल. 1961 साली सुरू झालेले हे महाविद्यालय व्यवहारात निपाणीचे आहे आणि शहरातली पोरे तेथे सायकलने जात आली आहेत, पण ते ज्या अर्जुननगरात उभे आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते आणि महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तेव्हा निपाणीच्या मुलाला पदवीपर्यंतचे मराठी उच्चशिक्षण शहराच्या वेशीवर मिळते आणि त्याच्या विडी वळणाऱ्या आईला पहिल्या अक्षराची जी सरकारी व्यवस्था आहे ती मात्र कर्नाटकच्या योजनेतून, कन्नड वाचनपाठातून यायची असते. सीमाप्रश्नावर इतके लिहिले गेले, महाजन आयोगाच्या 1967च्या अहवालाचा कीस पाडला गेला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, पण या आईचा मुद्दा त्या वादात बाजूलाच राहिला.

गुंतलेले हात, मोकळे कान

निपाणीची ओळख तंबाखूची आहे. शेतातून आलेली तंबाखू वखारीत बडवली, चाळली आणि निवडली जाते, आणि हे धुळीचे काम मुख्यत्वे स्त्रियांकडे असते. विडी वळणे मात्र घरोघरी चालते. उंबऱ्याशी किंवा ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई भिजवलेले टेंभुर्णीचे पान साच्याने कातरते, त्यात जर्दा भरते, वळते, तोंड दुमडते आणि दोऱ्याने बांधते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे स्वयंपाक, पाणी आणि मुले सांभाळून उरलेला प्रत्येक क्षण त्या सुपात जातो. अनिल अवचट यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस निपाणीच्या या कामगारांवर लिहिले, त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची संघटना बांधली, आणि 1982 साली ‘युगांतर’ या चित्रपट-समूहाने वखारीतील स्त्रियांच्या सहभागाने माहितीपट तयार केला. एप्रिल 1981 मधील तंबाखू उत्पादकांचे महामार्गावरील आंदोलन आणि त्यावर झालेला गोळीबार देशभर गाजला. बायकांची ही चळवळ तितकी गाजली नाही, पण प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे.

ते मोल समजण्यासाठी जगातील आणखी दोन तंबाखूच्या गावांकडे पाहणे उपयोगाचे ठरते. क्युबातील हवाना शहरात 1865 सालापासून सिगार कारखान्यांत ‘वाचक’ बसू लागला. कामगार ओळीने बसून पाने वळत असत आणि उंच चौथऱ्यावर बसलेला एक जण त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत असे, आणि त्याचे वेतन मालक नव्हे तर कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत असत. स्पॅनिश सत्तेने पुढच्याच वर्षी या प्रथेवर बंदी घातली, यावरून तिची धास्ती किती होती ते कळते. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांनीही हेच केले. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा 1966चा कायदा लागू होताच खासगी मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा 1969 साली ‘दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या सामायिक कामशाळांत एकाने वाचायचे व बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे, त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी भरून काढायच्या, असा शिरस्ता चालला. केरळ 1991 साली संपूर्ण साक्षर जाहीर झाले त्याचे श्रेय शाळांना आणि मोहिमेला दिले जाते ते योग्यच आहे, तथापि ऐकण्याची ही मशागत त्याआधीच झालेली होती.

निपाणीत वाचक का बसला नाही, याचे उत्तर कामाच्या जागेत आहे. कण्णूरला पुरुष एका छपराखाली बसत. निपाणीत बाई एकटी घरात बसते, आणि वखारीत बायका एकत्र असल्या तरी धूळ, बडवण्याचा आवाज आणि देखरेख यांत वाचनाला वाव नव्हता. शिवाय घरी वळणारी बाई ‘कामगार’ आहे हेच दीर्घकाळ मान्य नव्हते. भविष्यनिर्वाह निधीची योजना विडी उद्योगाला 1977 साली लागू झाली, आणि घरखेपेने वळणाऱ्यांनाही तिचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली स्पष्ट केले. एकत्र बसण्याची जागा या बायकांना प्रथम मिळाली ती संघटनेच्या बैठकीत. तेथे पत्रक वाचले जाई, किमान वेतनाचा दर फोडून सांगितला जाई, सही कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही हे शिकवले जाई. तिला कुणी साक्षरता वर्ग म्हटले नाही, पण वर्गात जे अपेक्षित असते त्यातले बरेचसे तेथे घडत होते.

आकडा आधी येतो

ज्याला प्रौढशिक्षणात संख्याज्ञान म्हणतात, म्हणजे मोजणे, मांडणे आणि ताळा पाहणे, ते विडी वळणाऱ्या बाईला अक्षरापूर्वीच येते, कारण तिची मजुरी त्यावर अवलंबून असते. किती पानांत किती विड्या बसतात, ठेकेदाराने जर्दा वजनाला कमी दिला तर घरची किती भर घालावी लागेल, आणि खराब म्हणून काढलेल्या विड्यांचा तोटा कुणाच्या अंगावर पडतो, हा सारा हिशेब ती तोंडी करते आणि सहसा चुकत नाही. चूक होते ती वहीत. वहीत ठेकेदाराचा माणूस लिहितो आणि तिला नुसता आकडा ओळखता आला तरी तो कोणत्या रकान्यात पडला आहे हे वाचता येत नाही. तंबाखू उत्पादकाच्या पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचा दर, वजन आणि कपात दाखवणाऱ्या चिठ्ठीचे, असेच आहे. शेतकऱ्याला एकूण रक्कम वाचता येते, कपातीचे कारण वाचता येत नाही.

तरीही बहुतेक वाचनपाठ अक्षरापासून सुरू होतात आणि गणित मागाहून, जणू परिशिष्टासारखे येते. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे यांनी 1963 साली अँजिकोस गावातील सुमारे तीनशे मजुरांना साधारण चाळीस तासांत वाचायला शिकवले, ते त्यांच्या रोजच्या कामातले, वादाचे आणि जिव्हाळ्याचे शब्द निवडून. निपाणीत तसे शब्द शोधायचे तर ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांऐवजी ‘हजार’, ‘वजन’, ‘कपात’, ‘पट्टी’, ‘फंड’ येथून सुरुवात करावी लागेल, आणि सुपात आधीच असलेले गणित पाटीवर आणावे लागेल.

बाळबोध, मोडी आणि कन्नड

वाचता येणे एका लिपीत आणि कचेरी दुसऱ्या लिपीत, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी पोथी बाळबोधीत असे आणि दस्त मोडीत. पांडवप्रताप घडाघडा वाचणारा शेतकरीही खरेदीखत वाचून घ्यायला कुलकर्ण्याकडे जात असे, आणि फसवणुकीला तेवढी फट पुरत असे. आजच्या सीमाभागातील स्थिती त्या जुन्या स्थितीची बहीण आहे. फरक एवढाच की मोडीमागची भाषा तरी मराठी होती.

कर्नाटकाने जमिनीच्या नोंदी ‘भूमी’ प्रकल्पात संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित उताऱ्यांऐवजी छापील उतारा केंद्रावरून मिळू लागला, हे सोयीचेच झाले. पूर्वी तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, ती मर्जी गेली. पण हस्तलिखित उतारा देणारा तलाठी निदान तोंडी समजावून सांगे, यंत्रातून निघालेला कागद बोलत नाही. शिधापत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस, वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसची पाटी, ‘गृहलक्ष्मी’ योजनेत 2023 पासून कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना दोन हजार रुपये मिळतात त्यासंबंधीचा संदेश, हे सारे येथील मराठी बाईच्या घरच्या भाषेत नसते. म्हणून सेवा केंद्रात कागद भरून देणाऱ्या तरुणाचे महत्त्व वाढते आणि जुन्या कुलकर्ण्याची जागा हळूहळू त्याच्याकडे जाते. तो बहुधा भला असतो. पण भलेपणावर व्यवहार टेकवावा लागणे हीच निरक्षरता आहे.

येथे एक गोष्ट आशेची आहे आणि तिच्याकडे भाषेच्या वादामुळे दुर्लक्ष झाले आहे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या असून त्यांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते. मराठीत जिला बाराखडी म्हणतात तिला कन्नडमध्ये ‘कागुणित’ म्हणतात, आणि ‘क, का, कि, की’ हा ताल दोन्हीकडे तोच आहे. फरक आहे तो रूपाचा: देवनागरीत शब्दावर सलग शिरोरेषा असते, कन्नडमध्ये अक्षराच्या डोक्यावर ‘तलकट्टु’ नावाची सुटी खूण येते, मराठी जोडाक्षरात पहिले अक्षर अर्धे होते, कन्नडमध्ये दुसरे अक्षर लहान होऊन खाली लटकते आणि त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात, शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. जिला एक बाराखडी नीट येते तिला दुसरी मुळारंभापासून शिकावी लागत नाही, आणि या टापूतील बाईला बाजारापुरती कन्नड कानाने आधीच येत असते. आधी घरची भाषा पक्की करून मग तिच्या खांद्यावरून दुसऱ्या लिपीत उतरणे हा मार्ग म्हणूनच सोपा आहे. अपरिचित भाषेत पहिले अक्षर गिरवायला लावले तर ती अक्षराचा आकार पाठ करते, त्यातून अर्थ काढायला शिकत नाही.

मराठी अभिमानाने कन्नड अक्षर टाळणे आणि शासकीय अभिमानाने मराठी प्रवेशिका न देणे, या दोन्हींची किंमत एकच बाई मोजते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दोनशे तास

स्वातंत्र्योत्तर योजनांची वंशावळ येथे देण्याचे कारण नाही. 2 ऑक्टोबर 1978 रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, 1988चे राष्ट्रीय साक्षरता अभियान, 2009चे ‘साक्षर भारत’ आणि 2022 पासूनचा ‘उल्लास’, हे चार टप्पे ध्यानात घेतले तरी पुरे. यांपैकी साक्षरता अभियानाने साक्षरतेची मोजदाद नेमकी केली होती. साधारण दोनशे तासांच्या शिक्षणानंतर शिकणाऱ्याने मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचावेत, सात शब्द पाहून आणि पाच शब्द ऐकून लिहावेत, शंभरपर्यंत अंक लिहावेत, लहान पत्र लिहावे आणि अर्ज भरावा, अशी ती अपेक्षा होती. अपेक्षा वाजवी आहे. प्रश्न आहे तो हे दोनशे तास कुठून काढायचे हा. तंबाखूची काढणी हिवाळ्याच्या अखेरीस येते आणि मग वखारीचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, पेरणी-लागणीत पावसाळा जातो, आणि विडीला तर हंगामच नाही, ती बारमाही आहे. वर्गात घालवलेला तास म्हणजे न वळलेल्या विड्या, इतका तो व्यवहार रोकडा आहे.

‘साक्षर भारत’मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकशिक्षा केंद्र आणि तेथे दोन ‘प्रेरक’ असत. प्रेरक म्हणजे शिकणाऱ्यांना गोळा करणारा, वर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांना सांभाळणारा आणि नंतर त्यांच्या हाती वाचायला काही देणारा माणूस, आणि त्याला महिना दोन हजार रुपये मानधन होते. मार्च 2018 अखेर ती योजना संपली आणि प्रेरकांचे मानधनही संपले. ‘उल्लास’ मुळातच स्वयंसेवेवर उभा आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे पन्नास-पन्नास मिळून दीडशे गुणांची चाचणी त्यात होते. शेजारच्या गोव्याने याच कार्यक्रमात 30 मे 2025 रोजी स्वतःला संपूर्ण साक्षर जाहीर केले. स्वयंसेवेची कल्पना वाईट नाही, पण वाचायला लागलेल्या माणसाला सहा महिन्यांनी कोण विचारते हा प्रश्न तिने सोडवलेला नाही. नवसाक्षर माणूस वाचायला काही मिळाले नाही तर पुन्हा निरक्षर होतो, हे जगभर दिसून आलेले आहे. चाचणी उत्तीर्ण होणे हा साक्षरतेचा पुरावा धरला, तर ती टिकली की नाही हे पाहण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

ग्रंथदिंडीच्या वाटेवर

जे योजनेला जमले नाही त्यातले काही गावांनी केले आहे. बेळगाव आणि निपाणीच्या परिसरातील कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, कारदगा अशा गावांत हिवाळ्यात एकदिवसीय मराठी साहित्य संमेलने भरतात. ही संमेलने गावकरी वर्गणीतून भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम आणि भजनी मंडळ पुढे असते, दारादारांत रांगोळ्या घातलेल्या असतात, पालखीत ज्ञानेश्वरी-गाथा असते, आणि त्यानंतर उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन व कविसंमेलन अशी सत्रे दिवसभर चालतात. मांडवातल्या अर्ध्या जागा बायकांच्या असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना पालखीतले पुस्तक उघडून वाचता येत नाही. तरीही त्या कथाकथनाला हलत नाहीत. पंढरीच्या वाटेवर आणि श्रावणातल्या पोथीला ऐकण्याची जी सवय शतकानुशतके मुरली, तिचेच हे आजचे रूप आहे. कण्णूरच्या विडी कामशाळेतील वाचक निपाणीत बसला नसला तरी ऐकणारी बाई येथे आधीपासून बसलेली आहे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. शहराला वाचनाची परंपरा आहे, व्याख्यानमाला आहेत, मराठी दैनिके आहेत. खेड्यातली सोय मात्र वेगळ्या पद्धतीची आहे. महाराष्ट्रात गावातल्या मंडळींनी वाचनालय काढायचे आणि सरकारने अनुदान द्यायचे, अशी 1967च्या कायद्याची रीत आहे, तर कर्नाटकात 1965च्या कायद्याने ग्रंथालये सरकारनेच चालवायची ठरवली. 2019 पासून तेथील ग्रामपंचायत ग्रंथालये, संख्येने सुमारे 5,600, ग्रामविकास खात्याकडे आली आणि त्यांतील अनेकांना संगणक व वाचनाची साधने मिळाली. म्हणजे प्रेरक गेले तरी पंचायतीच्या पातळीवर एक खोली, एक पगारी माणूस आणि पुस्तकांची काही तजवीज शिल्लक आहे. मराठीबहुल गावांत त्या खोलीत मोठ्या टंकातली, सोप्या मराठीतली पुस्तके आणि त्यांच्याच जोडीला कन्नडची पहिली पायरी ठेवण्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही नागरिकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, आणि 1956 साली घातलेला अनुच्छेद 350अ मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगतो. पण तो मुलांपुरता आहे, प्रौढांबद्दल तो काही बोलत नाही. तेव्हा ही पोकळी भरण्याचे काम तूर्त जवळच्यांवरच येते. डाव्या पानावर देवनागरी आणि उजव्या पानावर कन्नड अशी चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका, जिच्यात बसची पाटी, शिधापत्रिका, बँकेची चिठ्ठी, विडीची वही आणि शेताचा उतारा एवढेच असेल, ती तयार करण्याइतके शिक्षक, छापखाने आणि वर्गणीदार या टापूतील प्रत्येक संमेलन समितीपाशी आहेत. यंदाच्या हंगामात एखाद्या तरी संमेलनाने परिसंवादाचे एक सत्र या कामाला द्यावे, आणि त्या सत्राची वेळ दुपारी चारनंतरची ठेवावी. त्याआधी विड्या पोहोचवून द्यायच्या असतात.